कारखान्याचा घाम

नागपूरहून कोराडीच्या बाजूला जाताना किंवा चंद्रपुरात शिरताना औष्णिक वीजकेंद्राचे अवाढव्य मनोरे दुरूनच दिसू लागतात. कमरेत बारीक, डमरूच्या आकाराचे. त्यांच्या तोंडातून पांढरे लोट निघत असतात. गाडीतले एखादे मूल विचारते, "हा कसला धूर?" आणि मोठी माणसे "कोळशाचा" असे सांगून मोकळी होतात. हे उत्तर चुकते. कोळशाचा धूर शेजारच्या उंच, सरळ चिमणीतून जातो. डमरूसारख्या मनोऱ्यातून निघतो तो पाण्याचा वाफारा. धरणातून किंवा नदीतून आणलेले, पंपाने चढवलेले, गाळलेले पाणी तिथून हवेत जात असते.

या मनोऱ्यांना कूलिंग टॉवर म्हणतात. ते फक्त वीजकेंद्रांतच असतात असे नाही. साखर कारखाने, खत कारखाने, औषधनिर्मितीचे प्रकल्प, पोलाद, तेलशुद्धीकरण, शीतगृहे, मोठी रुग्णालये, मॉल आणि पंचतारांकित हॉटेले या सगळ्यांकडे लहानमोठे कूलिंग टॉवर असतात. शहरात ते इमारतीच्या गच्चीवर पेटीसारखे उभे असतात आणि खालून जाणाऱ्याचे तिकडे लक्षही जात नाही.

लक्ष जायला हवे, याची कारणे दोन. एक पाण्याचे, दुसरे फुप्फुसाचे. ही दोन्ही कारणे एकाच नळाला जोडलेली आहेत.

सतरा मिनिटांचे पाणी

आधी पाण्याचा हिशेब पाहू. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांच्या पाणीवापरावर मर्यादा घातली. कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांनी एक मेगावॉट-तास विजेसाठी ३.५ घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा तो नियम. जानेवारी २०१७ नंतरच्या नव्या केंद्रांसाठी ही मर्यादा आधी २.५ होती, ती २०१८ मध्ये ३ घनमीटर करण्यात आली. घरच्या भाषेत सांगायचे तर जुन्या केंद्रातल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी. महिन्याला २०० युनिट वीज वापरणाऱ्या घराच्या बिलामागे असे ७०० लिटर पाणी दडलेले असू शकते. त्यातला मोठा वाटा थंड करण्यासाठीच जातो.

आता ५०० मेगावॉटचा एक संच घ्या. तो पूर्ण क्षमतेने चालला आणि त्याने ३.५ ची मर्यादा काटेकोर पाळली, तरी त्याला तासाला साडेसतरा लाख लिटर पाणी लागते. दिवसाला ४ कोटी २० लाख लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर या सरकारी मापाने हे तीन लाखांहून अधिक लोकांचे पाणी झाले.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, ती अनेकांना आठवत असेल. दहा वाघिणींत मिळून साधारण ५ लाख लिटर पाणी होते. वरच्या हिशेबाने एवढे पाणी एका संचाला सतरा मिनिटे पुरते. त्याच दुष्काळात लातूरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद पडले होते. २०१३ च्या फेब्रुवारीतही त्याच्यावर हीच वेळ आली होती. २०१० च्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या केंद्राला इरई धरणातला साठा खालावल्याने संच थांबवावे लागले. इरई धरणाचेच पाणी चंद्रपूरकरही पितात.

टंचाईची झळ दवाखान्यात फार लवकर पोचते. नळाला चार दिवसांआड पाणी आले की घरोघरी पिंपे भरून ठेवली जातात. त्यात एडिस डास अंडी घालतो आणि मग डेंग्यूचे रुग्ण येऊ लागतात. टँकरच्या आणि गाळात गेलेल्या विहिरीच्या पाण्याने जुलाब, विषमज्वर आणि कावीळ वाढते. पाणी पुरवून पुरवून पिणाऱ्यांना मुतखडा होतो. म्हणून कारखान्याच्या टॉवरमधून किती पाणी उडते, हा प्रश्न अभियंत्यांपुरता उरत नाही. त्या पाण्यावर दुसऱ्या कोणाचा तरी घोट अवलंबून असतो.

शरीराची युक्ती

कूलिंग टॉवर समजून घ्यायला सगळ्यात सोपे उदाहरण आपल्या शरीराचे आहे. उन्हात काम करताना शरीरात तयार होणारी उष्णता घामावाटे बाहेर पडते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. इथे 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा आहे. अंगावरून टपकून जमिनीवर पडलेला घाम शरीराला जवळजवळ काहीच गारवा देत नाही. तो नुसता वाया जातो. मुंबईच्या दमट हवेत माणूस घामाने निथळतो आणि तरीही उकडतच राहते, ते यामुळेच.

वीजकेंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग कंडेन्सर नावाच्या यंत्रात पाण्याला दिला जातो. हे तापलेले पाणी टॉवरमध्ये उंचावर नेऊन जाळ्यांवर सोडतात. खालून हवा वर चढते, पाण्याचा थोडा भाग वाफ होऊन जातो आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. थंड झालेले पाणी तळाच्या हौदात पडते आणि तेथून पुन्हा कंडेन्सरकडे निघते. पाणी सहा अंशांनी थंड करायचे असेल तर फिरणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक टक्का वाफ होऊन जातो. ऐकायला हे प्रमाण थोडे वाटते. पण ५०० मेगावॉटच्या संचात तासाला साधारण ६० हजार घनमीटर पाणी फिरत असते आणि ते सुमारे दहा अंशांनी थंड करावे लागते. म्हणजे तासाला दहा लाख लिटरच्या आसपास पाण्याची वाफ झाली.

हा कारखान्याचा घाम. तो आलाच नाही तर यंत्राला ताप चढेल. त्यामुळे पाणी वाचवायचे म्हणजे बाष्पीभवन बंद करायचे, असा अर्थ होत नाही. ते कमी करायचे असेल तर मुळात उष्णताच कमी निर्माण व्हायला हवी. पाणी वाया जाण्याच्या बाकीच्या वाटा मात्र माणसाच्या हातात आहेत.

कारखान्याचे मूत्रपिंड

वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सिलिका हे सारे मागे हौदात राहते. पाणी उडत जाते आणि हौदातले पाणी घट्ट होत जाते. शेवटी नळ्यांच्या आत पांढरे कठीण थर बसू लागतात. गिझरच्या कॉइलवर बसतात तसेच. मुतखड्याची गोष्टही याहून फार वेगळी नाही. मूत्र फार घट्ट झाले की त्यातले क्षार स्फटिक होऊन बसतात.

यावर शरीराचा उपाय म्हणजे मूत्रपिंड. क्षार आणि टाकाऊ पदार्थ बाहेर काढण्यासाठी थोडे पाणी खर्च करावेच लागते. चांगले मूत्रपिंड ते काम कमीत कमी पाण्यात करते. तहानेच्या वेळी दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास मूत्रातही ते भागवते. कारखान्यातही हौदातले घट्ट पाणी ठरावीक प्रमाणात सोडून देतात आणि त्या जागी ताजे पाणी घेतात. या सोडलेल्या पाण्याला ब्लोडाऊन म्हणतात. हौदातले पाणी ताज्या पाण्यापेक्षा किती पट घट्ट होऊ द्यायचे, या आकड्याला कारखान्यात 'सीओसी' म्हणतात. पाणीबचतीचा सगळ्यात मोठा वाव या एका आकड्यात आहे.

हिशेब सोपा आहे. समजा, तासाला १०० लिटर पाणी वाफ होऊन जाते. पाणी दुप्पट घट्ट होताच सोडून दिले, तर १०० लिटर ब्लोडाऊन होईल आणि एकूण २०० लिटर ताजे पाणी लागेल. तिप्पट होऊ दिले तर ब्लोडाऊन ५० वर येईल, एकूण गरज १५० लिटर. पाचपटीला ब्लोडाऊन २५ आणि एकूण १२५ लिटर. म्हणजे दोनावरून पाचावर गेले की ताज्या पाण्याची गरज ३७ टक्क्यांहून अधिक घटली. त्यापुढे फायदा आटत जातो. सहापटीला १२० लिटर लागतात आणि दहापटीपर्यंत ताणले तरी १११. शेवटच्या थोड्या लिटरांसाठी नळ्यांवर थर बसण्याचा आणि गंज चढण्याचा धोका मात्र वाढत जातो. थर बसला की उष्णता नीट जात नाही, तेवढ्याच विजेला जास्त कोळसा जळतो आणि हवेत जास्त धूर जातो. म्हणून ताजे पाणी कसे आहे, त्यावर प्रक्रिया काय केली आहे आणि नळ्या कोणत्या धातूच्या आहेत, हे पाहूनच हा आकडा ठरवावा लागतो.

अनेक ठिकाणी तो ठरवलेलाच नसतो. ब्लोडाऊनची झडप सवयीने अर्धवट उघडी ठेवलेली असते. थर बसू नये म्हणून 'असू दे थोडे जास्त'. हे म्हणजे मूत्रपिंड निकामी झाल्यासारखे पाणी वाहू देणे. पाण्याची विद्युतवाहकता सतत मोजून, ठरलेली घनता आली की झडप उघडणारी आणि पुन्हा मिटणारी साधी स्वयंचलित यंत्रणा हे थांबवू शकते. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी त्याची विद्युतवाहकता जास्त, एवढ्याच तत्त्वावर ती चालते.

सोडलेल्या पाण्याचे काय होते, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हिंक्ली गावाजवळच्या वायू-कंप्रेसर केंद्रात गंज रोखण्यासाठी कूलिंग टॉवरच्या पाण्यात क्रोमियमचे संयुग घालत असत. १९५२ ते १९६६ या काळात ते सांडपाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडले गेले आणि कर्करोगकारक हेक्साव्हॅलंट क्रोमियम भूजलात उतरले. १९९६ मध्ये कंपनीला ३३ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. 'एरिन ब्रॉकोविच' हा चित्रपट याच प्रकरणावर आहे. ब्लोडाऊन कमी म्हणजे धरणावरचा ताण कमी. शिवाय नाल्यात जाणारे, शुद्ध करावे लागणारे पाणीही कमी.

टपकलेला घाम

तिसरी वाट थेंबांची. टॉवरमधून वर चढणारी हवा वाफेबरोबर पाण्याचे बारीक थेंबही उचलून नेते. याला ड्रिफ्ट म्हणतात. अंगावरून टपकलेल्या घामासारखे हे पाणी थंड न करताच निघून जाते. ते अडवण्यासाठी टॉवरच्या वरच्या भागात नागमोडी पट्ट्यांचे जाळे बसवतात. हवा वळणे घेत निघून जाते. जड थेंब मात्र वळू शकत नाहीत, पट्टीवर आदळतात आणि खाली गळतात. ही पट्ट्यांची चळत जुनी, तुटकी किंवा नसलेलीच असेल, तर फिरणाऱ्या पाण्याच्या ०.१ टक्का किंवा त्याहूनही जास्त पाणी थेंबांवाटे उडते. चांगल्या पट्ट्या हे प्रमाण ०.००५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली आणतात. मघाच्याच संचात पहिल्या हिशेबाने दिवसाला १४ लाख ४० हजार लिटर उडतील, दुसऱ्याने ७२ हजार.

या आकड्यांत एक मेख आहे. थेंब आपल्याबरोबर क्षारही नेतात. म्हणजे एका अर्थाने थेंब हे हवेतून होणारे ब्लोडाऊनच असते. ते थांबवले की हौदातले पाणी लवकर घट्ट होते आणि खालची झडप थोडी जास्त उघडावी लागते. त्यामुळे नुसत्या पट्ट्या बदलून वाचणारे पाणी कागदावर दिसते त्याहून कमी असते. तरीही पट्ट्या बदलायलाच हव्यात, कारण थेंबांतून फक्त क्षार जात नाहीत.

जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचे अधिवेशन एका मोठ्या हॉटेलात भरले होते. घरी परतल्यावर त्यांच्यातले १८२ जण तीव्र न्यूमोनियाने आजारी पडले आणि २९ दगावले. महिनोन्महिने कारण सापडेना. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाला एक तोवर अनोळखी जिवाणू सापडला. त्याचे नाव पडले लेजिओनेला. संशय हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरवर गेला आणि तेव्हापासून हे टॉवर वैद्यकशास्त्राच्या पुस्तकातही आले.

लेजिओनेला नदी-तळ्यांत सर्वत्र थोड्या प्रमाणात असतो. तिथे तो सहसा त्रास देत नाही. पण ३० ते ४० अंशांचे कोमट पाणी, भिंतींवर धरलेला बुळबुळीत थर आणि त्यात राहणारे अमीबा मिळाले की त्याची वाढ झपाट्याने होते. कूलिंग टॉवरमध्ये हे तिन्ही मिळू शकते. वर पंखा आहेच. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे सूक्ष्म थेंब श्वासावाटे थेट वायुकोषांपर्यंत पोचतात. हा आजार एका रुग्णाकडून दुसऱ्याला लागत नाही असेच मानले जाते. तो लागतो श्वासावाटे आत गेलेल्या थेंबांतून.

हे थेंब किती दूर जातात, याचा धडा फ्रान्सच्या उत्तरेकडील हार्न गावाने दिला. नोव्हेंबर २००३ ते जानेवारी २००४ या काळात तिथे ८६ जणांना लेजिओनेलाचा न्यूमोनिया झाला आणि १८ जण मरण पावले. उगम एका पेट्रोरसायन कारखान्याच्या कूलिंग टॉवरमध्ये होता. काही रुग्ण तिथून सहा किलोमीटर अंतरावर राहणारे होते. त्यांतल्या अनेकांनी कारखान्याचे फाटकही पाहिले नसेल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिले रुग्ण आढळल्यावर टॉवर बंद करून धुण्यात आला, पण जोरदार दाबाच्या फवाऱ्याने. त्या फवाऱ्यातून पुन्हा जंतूंचे तुषार उडाले आणि साथीची दुसरी लाट आली. स्वच्छतेचे कामही नीट करावे लागते, ते असे. पुढे २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात एका हॉटेलच्या टॉवरमुळे १३८ जण आजारी पडून १६ दगावले. त्यानंतर त्या शहराने प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी आणि नियमित तपासणी कायद्याने बंधनकारक केली.

भारतात या आजाराची चर्चा कमी होते. त्याचा अर्थ तो इथे नाही, असा होत नाही. त्याची तपासणी सर्रास होत नाही, आणि जे तपासले जात नाही ते सापडतही नाही. थंडी वाजून जोराचा ताप, कोरडा खोकला, धाप, त्याबरोबर जुलाब, बरळणे आणि रक्तातले सोडियम घटलेले, असे चित्र असलेला न्यूमोनिया संशय घेण्यासारखा असतो. संसर्गानंतर साधारण २ ते १० दिवसांनी लक्षणे दिसतात. पन्नाशी उलटलेले, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेह, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांना धोका जास्त. न्यूमोनियासाठी नेहमी दिली जाणारी पेनिसिलिनच्या कुळातली प्रतिजैविके याच्यावर चालत नाहीत. अझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन लागते. लेव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबून ठेवते आणि क्षयाचे निदान लांबते, म्हणून आपल्याकडे ते अंदाजाने देण्यापेक्षा आधी थुंकीची तपासणी करणे शहाणपणाचे. लेजिओनेलाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारासाठी लघवीची सोपी चाचणी आहे. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात, तरीही साधारण दहापैकी एक जण दगावतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. टॉवरवर दिसणारा पांढरा लोट विषारी नसतो. वाफेत ना क्षार असतात, ना जंतू. धोका असतो तो वाफेबरोबर निसटणाऱ्या थेंबांत, आणि तोही हौदातले पाणी घाण असेल तरच. लोट पाहून घाबरण्यापेक्षा हौद कोण तपासते, हे विचारणे उपयोगाचे.

बचत जिवावर बेतू नये

इथे पाण्याचा आणि फुप्फुसाचा प्रश्न एकत्र येतो. ब्लोडाऊन कमी केले की पाणी हौदात जास्त काळ राहते. त्यातले क्षारच नव्हे, जंतूंचे खाद्यही घट्ट होते. निर्जंतुक करणारी रसायने जुन्याच मात्रेत घालत राहिले तर ती कमी पडू शकतात. पाणी वाचले आणि न्यूमोनिया वाढला, असे व्हायचे नसेल तर सीओसी वाढवताना जंतुनाशक, गाळणी आणि तपासणी हेही त्याच दिवशी वाढवावे लागते.

सांडपाणी शुद्ध करून वापरताना हे विशेष लागू होते. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीज दर धोरणानुसार सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरायचे आहे. महाराष्ट्रात याचे चांगले उदाहरण नागपूरचे आहे. भांडेवाडी इथे शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते आणि तिथले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. प्रकल्पाची क्षमता दिवसाला १३ कोटी लिटर आहे. नागपूरकरांनी एकदा वापरलेले पाणी टॉवरमध्ये गेले की तेवढे धरणातले पाणी पिण्यासाठी मोकळे होते. अशा पाण्यात अमोनिया, फॉस्फेट आणि सेंद्रिय पदार्थ उरले असतील तर मात्र बुळबुळीत थर लवकर धरतो. अमोनिया क्लोरीनला गुंतवून ठेवतो आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या खातो. म्हणून सांडपाणी टॉवरसाठी घ्यायचे तर शेवटची, तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया टाळून चालत नाही.

काही दिवस बंद ठेवून सुरू केलेला टॉवर हे दुसरे धोक्याचे ठिकाण. साचलेल्या कोमट पाण्यात जंतूंना निवांत वेळ मिळतो. दुरुस्तीनंतर, हंगाम संपून पुन्हा सुरू करताना किंवा टंचाईत थांबलेला संच चालू करताना आधी हौद रिकामा करून साफ करणे, निर्जंतुक करणे आणि मगच पंखा लावणे, हा क्रम पाळायला हवा. आत उतरणाऱ्या कामगाराला नुसता रुमाल पुरत नाही. बारीक थेंब अडवणारा योग्य मास्क त्याला मिळालाच पाहिजे. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जवळून ते तुषार त्याच्या नाकात जातात.

पैसा थोडा, शिस्त जास्त

पाणी वाचवण्याचे बहुतेक उपाय साधे आहेत. पहिला म्हणजे मीटर. टॉवरमध्ये किती ताजे पाणी आले आणि ब्लोडाऊनवाटे किती गेले, यासाठी दोन वेगळे मीटर हवेत. एकच मीटर असेल तर पाणी कुठे जाते हे कळत नाही. दुसरा म्हणजे हौदातला फ्लोट. तो अडकला किंवा चुकीच्या उंचीवर बसवला असेल तर रात्रभर पाणी ओसंडून गटारात जाते आणि सकाळी कोणाच्या लक्षातही येत नाही. तिसरा म्हणजे गळती. पंपाच्या सीलमधून ठिबकणारे, टॉवरच्या बाजूच्या फटींतून वाऱ्याने बाहेर उडणारे पाणी पाहण्यासाठी दोरीवर चढायची गरज नसते, भोवती एक फेरी मारली तरी जमीन ओली दिसते. त्यानंतर स्वयंचलित ब्लोडाऊन, फिरणाऱ्या पाण्याचा थोडा भाग सतत गाळणारी बाजूची गाळणी आणि थेंब अडवणाऱ्या पट्ट्यांची दरवर्षी पाहणी.

मोठ्या वातानुकूलित इमारतींना आणखी एक स्रोत फुकट मिळतो. हवा थंड करताना तिच्यातल्या बाष्पाचे जे पाणी गळते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मुंबईसारख्या दमट शहरात ते भरपूर असते. ते गटारात सोडण्याऐवजी टॉवरकडे वळवले तर ताजे पाणीही वाचते आणि हौदातले पाणीही सावकाश घट्ट होते.

बाष्पीभवन कमी करण्याचे उपाय मोठे आणि महाग आहेत. झारखंडमधल्या उत्तर करणपुरा वीजकेंद्रात वाफ हवेनेच थंड केली जाते, पाण्याचा टॉवर नाही. त्यामुळे पाण्याची गरज खूप घटते, पण केंद्राची कार्यक्षमता काही टक्क्यांनी उतरते, विशेषतः भर उन्हाळ्यात, आणि तेवढ्याच विजेला अधिक कोळसा लागतो. पाणी वाचवून धूर वाढवायचा का, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे असेल. ज्या तालुक्यात पाणीच नाही तिथे ते बहुधा 'हो' असेच येईल. सौर पॅनेल आणि पवनचक्क्यांना थंड करायला पाणी लागत नाही, हाही या हिशेबातला एक भाग आहे. घरातला विनाकारण चालू राहिलेला दिवा किंवा एसी बंद करणे, हाही.

विचारायचे दोनच प्रश्न

सामान्य माणसाला कारखान्याच्या हौदात डोकावता येत नाही. पण तो ज्या इमारतीत काम करतो, ज्या रुग्णालयात नातेवाइकाला दाखल करतो, ज्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहतो, तिथे दोन प्रश्न विचारू शकतो. टॉवरला रोज किती ताजे पाणी लागते, याची नोंद आहे का? आणि त्या पाण्याची जंतूंसाठी तपासणी शेवटची कधी झाली? नोंदवही असेल तर दोन्ही उत्तरे एकाच पानावर मिळतील. नसेल, तर बहुधा पाणीही वाया जात असेल आणि हौदही अस्वच्छ असेल. एक निष्काळजीपणा दुसऱ्याला सोबत घेऊनच येतो.

गाडीतल्या त्या मुलाला पुढच्या वेळी खरे उत्तर द्यायला हवे. तो धूर नाही, यंत्राला आलेला घाम आहे. घाम येणारच. तो वाळून गेला तर काम झाले, टपकून गेला तर वाया गेला, आणि अंघोळच केली नाही तर आजारपण. माणसाला जे लागू, तेच मनोऱ्यालाही.